जांभळं ब्रेक ऑइल

भिवंडीत कामतघरला तलावाकडे उतरणारा एक रस्ता आहे. लांबी फारशी नाही, पण उतार चांगला आहे आणि पायथ्याशी विजेचा एक खांब आहे. आमच्या ब्रेकवाल्या उस्तादांचं गॅरेज या रस्त्याच्या वरच्या टोकाला. ब्रेकचं काम पुरं झालं की उस्ताद हात धुतात, चालत खाली जातात आणि त्या खांबाशी गाडीकडे पाठ करून उभे राहतात. मालकाने गाडी वरून आणायची आणि खांबाच्या चार पावलं अलीकडे चुन्याची रेघ मारलेली असते, तिच्यावर थांबवायची. रिक्षा असो, टेम्पो असो, शाळेच्या मुलांची व्हॅन असो, रीत सगळ्यांना सारखी. गाडी थांबली की उस्ताद वळतात, मालकाकडे एकदा बघतात आणि परत वर चालू लागतात.

मी त्यांना एकदा म्हटलं होतं, "उस्ताद, निदान तोंड तरी गाडीकडे करा. वेळ आली तर बाजूला उडी मारता येईल."

"उडीच मारायची तर उभं कशाला राहायचं?" ते म्हणाले. "काम मी केलंय ना? मग बघायचं काय?"

या रीतीपायी लोक वडप्याहून, पार अंबाडीहूनही त्यांच्याकडे येतात. उस्तादांनी सत्तरी ओलांडलीय. गॅरेजला पाटी नाही, दारात उभ्या नव्या गाड्याही दिसत नाहीत. नव्या गाड्यांचे ब्रेक कंपनीच्या वर्कशॉपात जातात. उस्तादांचं जे काही नाव आहे ते त्या खांबापाशी उभं राहण्याचं. आणि ते नाव मी माझ्या तोंडाने जवळजवळ घालवलं होतं.

मी लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, जॉबर. कारखान्यात लूम बंद पडला की कामगार जॉबरला हाक मारतो आणि जॉबर येऊन आधी त्याला चार शब्द सुनावतो, मग लूम चालू करतो. निदान मी तरी असंच करत आलो. माझा पारा लवकर चढतो, हे मला मान्य आहे. उतरतोही लवकर, असं मी म्हणतो. बायको म्हणते, उतरेपर्यंत समोरचा घरी गेलेला असतो.

जॉबरच्या हातात पान्याच्या आधी तेलाची कुप्पी येते. लांब नळीची, बुडाला दाबलं की थेंब टाकणारी. लूममध्ये जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे तेल, हे एकच शास्त्र मी पस्तीस वर्षं पाळलं. घरातली खिडकी कुरकुरली तरी माझा हात कुप्पी शोधतो. बायकोच्या शिलाई मशीनला, शेजाऱ्यांच्या झोपाळ्याला, कुणाच्या तरी पाळण्याला मी न विचारता तेल घालून आलोय. त्यात मला काही विशेष वाटत नाही. चालताना हात हलतात तसंच ते.

आता गाडीचं सांगतो. माझे वडील अंबाडीच्या एका डॉक्टरांचे ड्रायव्हर होते. डॉक्टर आसपासच्या गावांत व्हिजिटला जायचे, आणि वडील त्यांची गाडी चालवायचे. फुगीर मडगार्डची, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असलेली, दुधाळ रंगाची गाडी. डॉक्टर म्हातारपणी मुलाकडे परदेशात गेले आणि जाताना गाडी वडिलांना देऊन गेले. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली. आमच्या कारखान्यात जुने धोट्याचे लूम निम्मे भंगारात गेले, तेव्हा रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात शेठनी तिला जागा दिली. अजूनही अंबाडीच्या रस्त्याला ती घेऊन गेलो की एखादी म्हातारी कपाळावर हात धरून बघते आणि विचारते, डाक्तर आला का?

पण गाडी वर्षातून चार-पाच वेळाच बाहेर निघते आणि तेच तिचं दुखणं आहे. साधं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. भिवंडीच्या हवेत पाण्याला काय तोटा? चार महिने गाडी उभी राहिली की सिलेंडर आतून गंजतात, पिस्टन अडकतात, आणि दर दिवाळीच्या आधी उस्तादांनी येऊन चारही चाकं उघडायची, हा नेम झाला होता. त्यात ते ऑइल रंगावर सांडलं की रंग उचलतं. उस्ताद मडगार्डवर ओलं फडकं टाकूनच काम करायचे, तरी एकदा थेंब उडाला आणि डॉक्टरांच्या गाडीवर रुपयाएवढा डाग पडला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग मी मोबाइलवर शोधायला लागलो. जुन्या गाड्या पाळणारे लोक जगभर आहेत आणि त्यांना बोलायला भारी आवडतं. त्यांच्या बोलण्यातून मला सिलिकॉनच्या ब्रेक ऑइलचा पत्ता लागला. ते पाणी ओढत नाही. रंगाला धक्का लावत नाही. एकदा भरलं की वर्षानुवर्षं बघायला नको. उभ्या राहणाऱ्या गाडीला याहून दुसरं काय पाहिजे? मुंबईच्या एका दुकानदाराने बाटल्या कुरिअरने पाठवल्या. उघडून बघतो तर रंग जांभळा.

"ह्ये काय जांभळाचा रस हाय का?" बायकोने विचारलं. तिचं माहेर अंबाडीच्या पुढचं, आणि बोलणं अजून तिथलंच.

उस्तादांनी बाटली उजेडात धरली, हलवायला गेले तसा मी ओरडलो. हे ऑइल हलवलं की त्यात बारीक बुडबुडे होतात आणि ते लवकर सुटत नाहीत, असं मी वाचलं होतं. उस्तादांनी बाटली शांतपणे खाली ठेवली.

"पाणी पीत नाही म्हणतोस."

"अजिबात नाही."

"पाणी तर शिरणारच. झाकणातून शिरेल, रबरातून शिरेल. साधं तेल ते पिऊन घेतं. ये पीता नहीं, तो पानी जाएगा किधर? सगळ्यात खाली जाऊन बसेल, चाकाच्या सिलेंडरमध्ये. तिथेच गंजेल."

मोबाइलवरच्या लोकांनी हे सांगितलं होतं खरं, पण मी ते भराभर वाचून पुढे गेलो होतो.

"मग नको म्हणता?"

"नको कुठे म्हटलं? वर्षातून एकदा चाकाजवळचा निपलचा स्क्रू सैल करून खालचं थोडं सोडायचं, झालं. पण करायचं तर पुरं करायचं." मग त्यांनी बोटांवर मोजत अटी सांगितल्या. जुन्या तेलाचा थेंब राहता कामा नये. पाइप, सिलेंडर, टाकी, सगळं स्पिरिटने धुवायचं. रबरं सगळी नवी. आणि बसवताना रबर ओलं करायचं ते याच जांभळ्या तेलात, दुसऱ्या कशात नाही. "ब्रेकचं रबर नाजूक असतं. त्याला दुसरं तेल चालत नाही. आणि तू हात लावायचा नाही."

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. पस्तीस वर्षं मशीन उघडणाऱ्या माणसाला म्हणायचं, हात लावू नको!

काम दिवाळीनंतर कारखान्यातच, गाडीच्या कोपऱ्यात सुरू झालं. बाजूला उरलेले लूम खडखडत होते, त्यामुळे बोलायचं ते मोठ्याने. उस्ताद पाटावर बसून काम करतात. प्रत्येक सिलेंडर धुऊन झाल्यावर ते तो डोळ्याला लावून आरपार बघायचे. रबराचा कप जांभळ्या तेलात बुडवायचे आणि बोटाने असा आत सरकवायचे की बघत राहावं. त्यांचा हात अलीकडे जरासा थरथरतो, पण काम सुरू झालं की थरथर थांबते. मास्टर सिलेंडर झाला, पुढची दोन चाकं झाली, मागचं उजवं झालं. मागचं डावं धुऊन कोरडं करून ठेवलं होतं. तेवढ्यात जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली.

"आल्यावर लावतो," म्हणून उस्ताद गेले.

माझे हात शिवशिवत होते. एक चाक, दोन रबरं, दोन पिस्टन, त्यात काय असं? बायको डबा घेऊन आली होती. तिच्यासमोर थोडी शेखी मिरवायची हौसही असेल. मी पाटावर बसलो आणि सिलेंडर बसवून टाकला. उस्ताद परतले तेव्हा चाक तयार होतं. त्यांनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला, नट तपासले, पाइपचं तोंड तपासलं.

"तेलात बुडवून बसवलंस?"

"हो तर," मी म्हणालो. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

पुढचे दोन दिवस ऑइल भरण्यात आणि पाइपांत अडकलेली एअर काढण्यात गेले. जांभळं ऑइल टाकीत धारेने ओतायचं नाही, काठाने हळूहळू सोडायचं. बायको ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेडल दाबत होती आणि उस्ताद चाकाखालून सांगत होते, दाब, धरून ठेव, सोड. साध्या ऑइलला भरभर पंप मारतात. इथे ते चालत नाही. तिच्या पायाला कळ लागली तरी उस्ताद म्हणायचे, "भाभी, आहिस्ता." पहिल्या दिवशी पेडल दह्यात पाय घातल्यासारखं लागलं. उस्तादांनी रात्रभर गाडी तशीच ठेवली, बुडबुडे वर येऊ दिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एअर काढली. पेडल घट्ट लागलं.

मग आम्ही उतारावर गेलो. उस्ताद खांबापाशी पाठ करून उभे राहिले आणि मी गाडी वरून आणली. चुन्याच्या रेघेवर ती अशी थांबली की माझ्या खिशातला मोबाइलसुद्धा हलला नाही. उस्ताद वळले, माझ्याकडे बघितलं आणि वर चालू लागले. मी आठवडाभर जो भेटेल त्याला जांभळ्या तेलाचं पुराण सांगत होतो.

दोन आठवड्यांनी बायकोच्या भाचीची हळद होती, म्हणून आम्ही तिच्या माहेरी गेलो. जाताना गाडी जरा जड वाटली. परत येताना अंबाडीच्या नाक्यावर जळका वास आला आणि मागच्या डाव्या चाकातून धूर निघाला. मी उतरून ब्रेकच्या ड्रमवर पाणी टाकलं तर ते चर्र करून उडालं. चाक फिरत नव्हतं. ब्रेक लागलेला होता आणि सुटायला तयार नव्हता. निपल ढिला करून ऑइलचा दाब सोडून बघितला, तरी ब्रेकचे शू मागे येईनात. नाक्यावर माणसं जमली, त्यांत वडिलांना ओळखणारे दोघे-तिघे होते. एकाने विचारलं, "डाक्तरच्या गारीला काय झालं रे?" मी मान खाली घालून ड्रमवर पाणी टाकत राहिलो.

टेम्पोत चढवून गाडी कामतघरला आणली ती थेट उस्तादांच्या गॅरेजपाशी. संध्याकाळची वेळ, शेजारच्या चहाच्या हॉटेलात रिक्षावाले, टेम्पोवाले बसलेले. उस्ताद बाहेर आले. आणि मी तोंड सोडलं.

काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. पण एक वाक्य लिहिलंच पाहिजे. मी म्हणालो, "हात थरथरतात तर घरी बसा. लोकांचे जीव कशाला टांगता?"

हॉटेलात कपबशीचा आवाजही थांबला. उस्तादांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं आपल्या हातांकडे बघितलं. मग ते आत गेले आणि लोखंडी शटर अर्धं खाली ओढून घेतलं.

गाडी मी कारखान्यात नेऊन टाकली आणि तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. नऊ-दहा दिवसांनी चहाच्या हॉटेलवाल्याने मला हाक मारली. शाळेची व्हॅन चालवणारा एक जण उस्तादांचं जुनं गिऱ्हाईक आहे. त्याने उस्तादांकडून ब्रेक करून घेतले होते. काम झाल्यावर तो नेहमीप्रमाणे व्हॅन घेऊन उताराच्या तोंडाशी गेला आणि वाट बघत बसला. उस्ताद खाली गेलेच नाहीत. म्हणाले, तूच चालवून बघ. व्हॅनवाला बिचकला. वीस मुलं नेणारा माणूस तो. त्याने व्हॅन कल्याण रोडला दुसऱ्याकडे नेऊन पुन्हा तपासून घेतली.

"उस्ताद खांबाकडे जात नाही आता," हॉटेलवाला म्हणाला. "तुझ्या त्या दिवसापासून."

मी म्हणालो, "मग काय माझा दोष?" आणि दोष त्यांचाच होता हे हातात धरून दाखवायचं म्हणून मी त्याच दुपारी मागचं डावं चाक उघडलं.

सिलेंडरमधून पिस्टन निघेना. ठोकून काढला तेव्हा त्याच्यामागून रबराचा कप बाहेर आला आणि मी बघतच राहिलो. तो फुगला होता. मूळ मापाच्या दीडपट असेल. कड लुळी पडली होती आणि बोटाने दाबलं की मऊ लागत होती. फुगलेलं रबर सिलेंडरमध्ये घट्ट बसलं, पिस्टनला मागे येऊ देईना, म्हणून ब्रेक सुटत नव्हता. मग मी मागचं उजवं उघडलं. ते रबर नव्यासारखं. पुढची दोन्ही नव्यासारखी, जांभळी, कोरी करकरीत. उस्तादांनी बसवलेली सगळी रबरं धड होती. मी बसवलेलं तेवढं बिघडलं होतं.

रबर नाकाशी नेलं. तो वास मला कुणी सांगायची गरज नव्हती. पस्तीस वर्षं तो माझ्या शर्टाला येतो. लूमचं तेल.

मी मान वर केली. पाटाच्या बरोबर वर, हाताच्या अंतरावर, खिळ्याला कुप्पी टांगलेली होती. ती तिथे मीच टांगलीय. मला आठवेना. खरंच सांगतो, हात वर केल्याचं, कुप्पी काढल्याचं, थेंब टाकल्याचं काहीही आठवेना. घरी जाऊन बायकोला विचारलं, ती भाकऱ्या थापत होती.

"मी चाक बसवत होतो तेव्हा तू तिथे होतीस ना?"

"व्हते की."

"मी काय केलं?"

"रबर आत जात न्हवतं. तुमी कुप्पी घेतली, दोनदा दाबली, मंग गेलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "तुमी समद्यालाच तेल घालता. मला वाटलं, घालत असतील."



पुढचे दोन दिवस मी गप्प बसलो, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज त्या दोन दिवसांची वाटते. ओरडणं रागात झालं. ती कुप्पी हाताने आपसूक घेतली. पण हे दोन दिवस मी शांत डोक्याने घेतले. नवीन रबरं आणून गुपचूप बसवता आली असती. बायकोखेरीज कुणाला कळलं नसतं. मी दुकानात जाऊन रबराचा किट मागितलाही. दुकानदार म्हणाला, उस्तादांना देऊ का? मी म्हणालो, नाही, मला. किट हातात घेऊन मी तिथेच उभा राहिलो आणि मला सारखे उस्तादांचे हात दिसायला लागले.

तिथून मी सरळ गॅरेजवर गेलो. उस्ताद एका रिक्षाच्या चाकाशी बसले होते. एक नट आवळत होते. आवळून झाल्यावर थांबले आणि तोच नट पुन्हा आवळला.

मी खिशातून दोन रबरं काढून त्यांच्यासमोर फडक्यावर ठेवली. एक फुगलेलं, एक धड. त्यांनी दोन्ही उचलली. फुगलेलं नाकाशी नेलं.

"हे लूमचं तेल आहे," ते म्हणाले.

"हो."

"मी नाही घातलं."

"नाही. मी घातलं. मागचं डावं मी बसवलं होतं, तेव्हा."

त्यांनी फुगलेलं रबर बोटांत दाबून बघितलं. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि द्याव्यात असं फार वाटत होतं.

"बारा दिवस," ते म्हणाले, "बारा दिवस मी हे हात बघतोय. नट आवळतो, मग वाटतं आवळला नसेल. परत आवळतो. त्या व्हॅनवाल्याची मुलं... मी खांबाकडे कसा जाऊ? मुझे लगा, हाथ गया."

मला रडू आलं. पन्नाशी उलटलेला माणूस गॅरेजच्या दारात उभा राहून रडतोय, आणि रिक्षावाला बघतोय. मी माफी मागितली. उस्तादांनी दोन्ही रबरं फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"मला काय सांगतोस? मी तर त्या दिवशी तुझं बोलणं ऐकून आत गेलो. ज्यांनी बसून ऐकलं त्यांना सांग."

म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, हॉटेल भरलेलं असताना, मी तिथे उभा राहिलो आणि दोन्ही रबरं हातात धरून सांगितलं. व्हॅनवाल्याला मी मुद्दाम बोलावलं होतं. सांगून झाल्यावर एका टेम्पोवाल्याने विचारलं, "जॉबर, चहाला पण तेल घातलं का?" सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. व्हॅनवाला मात्र हसला नाही. तो म्हणाला, "ठीक आहे, पण उस्ताद उभे राहतील तेव्हा खरं."

गाडीचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. लूमचं तेल एका चाकातून पाइपभर फिरलेलं असू शकतं, म्हणून उस्तादांनी धड दिसणारी रबरंही फेकायला लावली. सगळं जांभळं ऑइल काढलं, सगळं पुन्हा स्पिरिटने धुतलं. फरक एवढाच की या वेळी पाटावर मी होतो आणि उस्ताद स्टुलावर.

"सगळी रबरं तूच बसव," ते म्हणाले. "बघू दे मला."

बायकोने खिळ्यावरची कुप्पी काढली आणि पदराखाली घेऊन बसली. मला त्या वेळी ते अपमानाचं वाटलं. पण दुसऱ्या चाकाला रबर अडलं आणि माझा उजवा हात आपोआप वर, त्या रिकाम्या खिळ्याकडे गेला. तिघांनीही तो बघितला. मी हात खाली आणला, रबर बाहेर काढलं, पुन्हा जांभळ्या तेलात बुडवलं आणि हळूहळू आत सरकवलं.

एअर काढून, एक दिवस थांबून, पुन्हा एअर काढून आम्ही गाडी उताराच्या तोंडाशी नेली. हॉटेलातले लोक बाहेर येऊन उभे होते. व्हॅनवालाही आपली व्हॅन घेऊन आला होता. मी ड्रायव्हरच्या बाजूला जायला लागलो, तर उस्तादांनी दार धरलं.

"काम कुणी केलं?"

"मी."

"मग मी चालवतो. तू जा."

मी खांबापाशी गेलो. वरून बघताना तो उतार एवढासा दिसतो. खाली उभं राहिल्यावर वाटतं की समोरून गाडी नाही, डोंगरच येणार आहे. मी पाठ केली. समोर तलाव होता, कुणीतरी पायऱ्यांवर कपडे आपटत होतं. मागे इंजिनाचा आवाज सुरू झाला. डॉक्टरांच्या गाडीचा आवाज मी लहानपणापासून ओळखतो, पण असा पाठीवर येताना कधी ऐकला नव्हता. चारी चाकं मनात उघडून बघितली. मागचं डावं दोनदा बघितलं. आवाज जवळ आला आणि मी वळलो. राहवलंच नाही.

गाडी रेघेवर उभी होती. काचेआड उस्ताद माझ्याकडे बघत होते.

ते उतरले आणि चालत माझ्याजवळ आले. "वळून बघितलंस."

"बघितलं."

"काम ठीक केलंस. पण वळून बघितलंस." त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी थोडी गंमत होती.

गाडी बाजूला लावून मी परत आलो, तेव्हा वर व्हॅनवाल्याने आपली व्हॅन उताराच्या तोंडाशी आणून उभी केली होती. तिचे ब्रेक त्या बारा दिवसांतले, ज्या दिवसांत उस्ताद प्रत्येक नट दोनदा आवळत होते. दुसऱ्या मेकॅनिकने तपासूनही त्याचं समाधान झालेलं नव्हतं. तो काचेतून खाली बघत थांबला होता.

मी नकळत पुन्हा खांबापाशीच जाऊन उभा राहिलो होतो. उस्तादांनी आपले दोन्ही हात एकदा बघितले, लेंग्याला पुसले आणि मला कोपराने ढकललं.

"सरक," ते म्हणाले. "ही माझी जागा आहे."

आणि त्यांनी उताराकडे पाठ केली.